सुपर बोलच्या संध्याकाळी शेगडीशिवाय डिप्स: अठरा माणसांसाठी काय करावे?

मुक्काम_प्लेनो

नमस्कार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, आहे आणि या वेळचा सामना आमच्या घरी पाहायचा, असे मी गेल्या वर्षीच सर्वांसमोर कबूल करून बसलो आहे. त्या वेळी स्वयंपाकघराचे काम काढण्याचा विचारही नव्हता. आज परिस्थिती अशी आहे की ओटा उखडलेला आहे, शेगडी गॅरेजमध्ये उभी आहे आणि मायक्रोवेव्ह शेगडीच्या वरच बसवलेला असल्यामुळे तोही तिच्यामागोमाग गेला आहे. फ्रीज, मिक्सर, पाणी उकळण्याची विजेची किटली आणि जेवणाचे टेबल, एवढेच हाताशी उरले आहे.

पाहुणे अठरा आहेत आणि त्यांत सहा मुले आहेत. साधारण निम्मे आमचे अमेरिकन शेजारी आणि निम्मे आपले मराठी मित्र. चौघे पूर्ण शाकाहारी असून त्यांतील दोघांना अंडेही चालत नाही, आणि एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पिझ्झा बाहेरून येणार आहे, त्यामुळे कोणी उपाशी राहणार नाही. परंतु सुपर बोलच्या टेबलावर चिप्स आणि त्या बुडवून खायची चार-पाच प्रकारची डिप्स नसणे म्हणजे दिवाळीच्या फराळाला चिवडा नसण्यासारखे आहे, हे येथे दहा वर्षे राहिल्यावर मलाही कळले आहे.

अडचण अशी की या बाबतीत माझा पूर्वानुभव चांगला नाही. मागे एका सहभोजनाला मी दही, किसलेली काकडी आणि पुदिना यांचे डिप करून नेले होते. निघताना ते सुरेख दिसत होते. तासाभराने पाहिले तेव्हा मध्ये काकडीचे बेट आणि भोवती पाण्याचे तळे, अशी त्याची अवस्था झाली होती, आणि लोक सभ्यपणे दुसऱ्या वाडग्याकडे वळत होते.

म्हणून अनुभवी मंडळींना विनंती आहे की अजिबात न शिजवता करता येतील, शक्यतो आदल्या दिवशी तयार ठेवता येतील आणि सामना संपेपर्यंत टिकतील असे प्रकार सुचवावेत. दुकानातले तयार डबे आणून उघडून ठेवण्याचा मार्ग मला ठाऊक आहे, पण तो अगदीच हरल्यावर घेईन.


चक्का_टांगलेला

तुमच्या काकडीचे जे झाले तेच न शिजवलेल्या बहुतेक डिप्सचे होते, आणि त्याचे कारण एकच आहे, ते म्हणजे पाणी. शेगडी असली की पाणी आटवता येते. ती नसली की पदार्थ एकत्र करण्यापूर्वीच प्रत्येकातून ते काढून घ्यावे लागते. काकडी, टोमॅटो आणि कांदा यांना मीठ लागले की त्यांच्या पेशींतले पाणी बाहेर यायला लागते. तुम्ही मीठ घालून सगळे एकत्र केले असणार, म्हणजे ते पाणी बाहेर आले ते थेट दह्यात. हीच क्रिया वाडग्याबाहेर होऊ दिली की प्रश्न मिटतो.

आपल्या घरांत ही अक्कल पूर्वापार आहे. खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात, तिला थोडे मीठ लावून ठेवतात आणि घट्ट पिळून मगच पुढचे काही घालतात. तुम्हीही तसेच करावे. दोन मोठ्या काकड्यांच्या मधला बियांचा गर चमच्याने काढून टाका, काकडी किसण्याऐवजी चोचवा किंवा बारीक चिरा, अर्धा चहाचा चमचा मीठ लावून वीस ते तीस मिनिटे चाळणीत ठेवा आणि नंतर स्वच्छ फडक्यात बांधून मूठ दुखेपर्यंत पिळा. किसलेल्या काकडीला अधिक पाणी सुटते, हा किसणीचा दोष आहे, काकडीचा नव्हे.

आता दह्याविषयी. येथे ग्रीक योगर्ट या नावाने जे मिळते ते म्हणजे अर्धवट टांगलेले दही होय. ते श्रीखंडाच्या चक्क्याइतके घट्ट नसते, त्यामुळे मी ते आणखी एक रात्र निथळवतो. साधारण ९०० ग्रॅमचे दोन डबे घ्या, दही बिनसाखरेचे आणि पूर्ण स्निग्धांशाचे असावे. मोठ्या चाळणीत ओले करून पिळलेले सुती फडके पसरा, त्यात दही घाला, चाळणी एका पातेल्यावर ठेवा आणि सगळे झाकून शनिवारी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तळाशी बरीच निवळी जमलेली दिसेल आणि वर चमचा उभा राहील असा चक्का मिळेल. स्निग्धांश काढलेले दही घेऊ नये. त्याचा चक्का खडूसारखा लागतो.

या एका चक्क्यातून तीन डिप्स निघतात. पहिले तुमचे जुने काकडीचे, म्हणजे पिळलेली काकडी, लसणाची एक किसलेली पाकळी, पुदिना, लिंबाचा रस आणि वरून ऑलिव्ह तेल. ग्रीक लोकांचे झाझीकी ते हेच.

दुसरे मेतकुटाचे, आणि माझ्या मते टेबलावरचे खरे आकर्षण हेच ठरेल. मेतकुटातल्या डाळी आणि तांदूळ आधीच भाजून दळलेले असतात, म्हणजे शिजवण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी तुमच्यासाठी करून ठेवले आहे. दोन कप चक्क्याला चार मोठे चमचे मेतकूट, अर्धा बारीक चिरलेला कांदा, एक हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर आणि भरपूर कोथिंबीर घ्यावी. मेतकूट ओलावा शोषून घेते, त्यामुळे हे डिप ठेवल्याने पातळ होण्याऐवजी घट्ट होत जाते. न शिजवलेल्या पदार्थांत असा गुण दुर्मीळ आहे. सुरुवातीला ते किंचित सैल ठेवावे आणि तासभर मुरू द्यावे. मात्र कांदा आदल्या दिवशी घालू नका. त्याला उग्र वास येतो.

तिसरे कोरड्या लसूण-खोबऱ्याच्या चटणीचे. चक्क्यात दोन-तीन चमचे चटणी हलक्या हाताने फिरवायची, पूर्ण एकजीव करायची नाही, म्हणजे लाल रेषा दिसत राहतात. बाजारच्या बहुतेक चटण्यांत दाण्याचे कूट असते, म्हणून त्या मुलाच्या दृष्टीने पाकीट वाचल्याशिवाय हे करू नये.


जुना_टेक्सासकर

आपण प्लेनोत राहता, म्हणजे टेक्सासच्या चवळीला टेबलावर मान मिळालाच पाहिजे. येथे ज्याला काउबॉय कॅव्हियार म्हणतात ती मुळात चवळीची कोशिंबीर आहे. हेलन कॉर्बिट या मूळच्या न्यूयॉर्क राज्यातील पाककर्तीने १९४० च्या सुमारास टेक्सासमध्ये चवळी, कांदा आणि लसूण तेल-व्हिनेगरमध्ये मुरवून वाढायला सुरुवात केली. पुढे त्या डॅलसच्या नीमन मार्कस या दुकानातील उपाहारगृहाच्या प्रमुख झाल्या आणि तो पदार्थ टेक्सास कॅव्हियार या नावाने गाजला. गरिबाघरच्या कडधान्याला माशांच्या महागड्या अंड्यांचे नाव देण्यातली थट्टा इथल्या लोकांना अजूनही आवडते. चवळी पश्चिम आफ्रिकेतून गुलामगिरीच्या काळात या भागात आली आणि दक्षिणेकडच्या राज्यांत नववर्षाच्या पहिल्या दिवशी ती शुभ म्हणून खातात. आपल्याला तिची ओळख करून देण्याची गरज नाही, फक्त ती चिप्सबरोबर खायची असते एवढेच नवीन.

अठरा माणसांसाठी माझे प्रमाण असे आहे. चवळीचे दोन डबे, काळ्या घेवड्याचा एक डबा आणि मक्याच्या दाण्यांचा एक डबा. प्रत्येक डबा साधारण ४२५ ग्रॅमचा असतो. हे सर्व रोळीत ओतून, त्यातला चिकट द्रव पूर्ण जाईपर्यंत थंड पाण्याखाली धुवावे आणि किमान पंधरा मिनिटे निथळू द्यावे. वरच्या प्रतिसादात पाण्याविषयी जे म्हटले आहे ते येथेही तंतोतंत लागू आहे. त्यात एक लाल ढोबळी मिरची, अर्धा लाल कांदा, बिया काढलेली एक हालापेन्यो मिरची आणि मूठभर कोथिंबीर, सगळे चवळीच्या दाण्याएवढे बारीक चिरून घालावे. हा आकार महत्त्वाचा आहे, कारण चिपवर एका वेळी सगळ्याचा थोडाथोडा अंश यायला हवा. पाव कप तेल, तीन मोठे चमचे लिंबाचा रस, एक चमचा साखर, अर्धा चमचा जिरेपूड आणि मीठ एकत्र फेटून वरून घालावे आणि शनिवारी रात्रीच फ्रीजमध्ये ठेवून द्यावे. दुसऱ्या दिवशी चव दुप्पट चांगली होते. टोमॅटो आणि ॲव्होकाडो घालायचे असल्यास ते पाहुणे दारात आल्यावरच घालावेत.

कोथिंबिरीबाबत एक सूचना. काही लोकांना तिची चव साबणासारखी लागते आणि त्यामागे वासाशी संबंधित जनुकांतील फरक हेही एक कारण असते. आमच्या शेजारच्या काकूंना तसे होते. मी त्यांच्यासाठी कोथिंबीर घालण्याआधीच एक वाटी बाजूला काढून ठेवतो.

टेक्सासमध्ये सुपर बोलला दुसरा हमखास दिसणारा पदार्थ म्हणजे सात थरांचे डिप. काचेच्या उभ्या भांड्यात तळाशी घोटलेला घेवडा, त्यावर ग्वाकामोले (ठेचलेल्या ॲव्होकाडोची चटणी), सावर क्रीम (आंबट घट्ट साय), साल्सा (टोमॅटोची पातळ चटणी), किसलेले चीज, काळे ऑलिव्ह आणि पातीचा कांदा असे थर देतात. सर्व काही डब्यांतून आणि पिशव्यांतून निघते, शिजवायचे काहीच नसते. परंतु दोन ठिकाणी फसगत होते. घोटलेल्या घेवड्याच्या काही डब्यांत डुकराची चरबी असते, म्हणून डब्यावर शाकाहारी असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच घ्यावा. सावर क्रीमच्या काही प्रकारांत जिलेटिन असते, त्याचीही यादी वाचावी. आणि साल्सा गाळण्यातून निथळवल्याशिवाय घालू नये, नाहीतर सात थरांचा एक चिखल होतो.


खमंग_आणि_खरपूस

वरील सर्व सूचना उत्तम आहेत, परंतु मेतकूट आणि चोचवलेली काकडी यांना हिंग-मोहरीची फोडणी न देता पाहुण्यांपुढे ठेवावे, हे मला पटत नाही. फोडणीशिवाय मेतकूट-दही म्हणजे पथ्याचे खाणे. कढलीभर तेल तापवणे याला स्वयंपाक म्हणायचे का, हाही प्रश्न आहेच. एखाद्या मित्राकडून स्टीलच्या वाटीत फोडणी करून आणली, तर नियमभंग होईल असे वाटत नाही.


चक्का_टांगलेला

फोडणी दिली तर मीही नाही म्हणणार नाही, पण थंडगार चक्क्यावर तासाभरापूर्वीचे गार तेल ओतण्यात फोडणीचे सुख उरत नाही. ते सुख चुरचुरण्यात असते.

त्यापेक्षा मोहरी फेसून घाला. भोपळ्याच्या किंवा केळ्याच्या रायत्याला आपल्याकडे फेसलेली मोहरी घालतात, तीच ही. एक मोठा चमचा मोहरी मिक्सरच्या लहान भांड्यात बारीक करा, दोन चमचे थंड पाणी घालून वाटीत चमच्याने चांगली फेसा आणि दहा मिनिटे ठेवून द्या. झणका नाकात जाईल. कोरड्या मोहरीत तिखटपणा तयार नसतो; दाणा फुटून पाणी लागले की त्यातील एका विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तो निर्माण होतो. म्हणूनच पाणी थंड हवे. उकळते पाणी घातले तर विकर निकामी होतो आणि मोहरी नुसती कडू लागते. झणका हवा तेवढा आला की लिंबाचे थेंब घालावेत, म्हणजे तो टिकतो. मेतकुटाच्या डिपमध्ये यातील एक चहाचा चमचा पुरे. शिवाय अमेरिकन पाहुण्यांना मोहरीचा हा झणका हॉट डॉगवरच्या मस्टर्डमुळे ओळखीचा असतो, हिंगाच्या वासाबद्दल मात्र तशी खात्री देता येत नाही.


खमंग_आणि_खरपूस

फेसलेल्या मोहरीपुढे मी माझा आग्रह मागे घेते. आमच्याकडे ती फक्त रायत्यात पडते, मेतकुटात घालण्याचे कधी सुचले नव्हते.


मुक्काम_प्लेनो

सर्वांचे मनापासून आभार. चवळी, मेतकूट आणि काकडी ही तीन नक्की झाली. सात थरांचे भांडे मी एका शेजाऱ्यावर सोपवणार आहे, कारण त्यांनीच विचारले होते की काय आणू.

आता तीन शंका आहेत. ग्वाकामोले केल्याशिवाय गत्यंतर नाही, पण ॲव्होकाडो एकतर दगडासारखे मिळतात नाहीतर आतून काळे निघतात. शिवाय केल्यावर ते तपकिरी पडते. दुसरे, हमससाठी, म्हणजे छोले आणि तिळाच्या वाटणाच्या डिपसाठी, छोले रात्रभर भिजवून कच्चेच वाटले तर चालतील का, असे पत्नी विचारते आहे. आणि तिसरे, सामना संध्याकाळी साडेपाचला सुरू होऊन नऊनंतर संपेल, पाहुणे पाचलाच येतील. एवढा वेळ दही आणि क्रीमचे पदार्थ टेबलावर ठेवणे सुरक्षित आहे का?


नोंदवही

शेवटच्या दोन शंका महत्त्वाच्या आहेत म्हणून आधी त्या घेतो.

भिजवलेले कच्चे छोले वाटून खाऊ घालू नका. कच्ची कडधान्ये पचायला जड असतात एवढेच नाही. राजम्यासारख्या काही प्रकारांत कच्चेपणी असे द्रव्य असते की त्याने थोड्याच तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि ते नुसते भिजवून जात नाही, उकळावेच लागते. न शिजवता करायच्या हमसचा अर्थ डब्यातल्या, म्हणजे कारखान्यात आधीच शिजवलेल्या छोल्यांचे हमस, असाच घ्यावा. डब्यातले छोले थोडे टणक असतात आणि त्यांच्या सालींमुळे हमस भरभरीत होते, पण तुमच्याकडे किटली आहे. दोन डबे छोले धुऊन पातेल्यात घ्या, वर उकळते पाणी ओता आणि दहा मिनिटे झाकून ठेवा. नंतर पाणी बदलून हातांनी चोळले की साली सुटून वर तरंगतात, त्या काढून टाका. याला शिजवणे म्हणायचे की नाही, याचा निर्णय फोडणीवर वाद घालणाऱ्यांनी करावा.

मिक्सरमध्ये आधी लसणाच्या दोन पाकळ्या, पाव कप लिंबाचा रस आणि मीठ फिरवून पाच मिनिटे तसेच ठेवावे. आंबटामुळे कच्च्या लसणाचा उग्रपणा उतरतो. मग अर्धा कप ताहिनी, म्हणजे तिळाचे गुळगुळीत वाटण, घालून फिरवावे. ते आधी एकदम घट्ट होऊन बसेल, घाबरू नये. बर्फाचे पाणी चमचा-चमचा घालत गेले की ते पांढरट आणि हलके होते. त्यानंतर छोले आणि जिरेपूड घालून चार-पाच मिनिटे न कंटाळता फिरवावे. मिक्सर तापला तर मध्ये थांबावे. हे शनिवारी करून ठेवले तरी चालते, पण वाढण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढून थोडे पाणी घालून पुन्हा सैल करावे, कारण फ्रीजमध्ये ते आवळते.

तिळाचा विषय निघालाच आहे तर, २०२३ च्या जानेवारीपासून अमेरिकेत तीळ हा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत नववा म्हणून धरला जातो. तुमच्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला मुलगा येणार आहे, तेव्हा त्याच्या आईवडिलांना तिळाविषयीही आधी विचारून घ्यावे. प्रत्येक वाडग्यापुढे लहानशी चिठ्ठी ठेवून त्यात काय आहे ते लिहावे: दूध, तीळ, मोहरी, गहू. मेतकुटातही गहू असू शकतो. आणि वाडग्यांचे चमचे वेगळे ठेवावेत, कारण एका डिपमधला चमचा दुसऱ्यात जातोच.

आता वेळेविषयी. अमेरिकेच्या कृषी विभागाचा नियम असा आहे की नाशवंत पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत, कारण साधारण ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. तुमचे चार-साडेचार तास त्यात बसत नाहीत. सुदैवाने सामन्याची रचनाच तुमच्या मदतीला येते. सुपर बोलचे मध्यंतर संगीताच्या कार्यक्रमामुळे नेहमीपेक्षा लांब, जवळजवळ अर्ध्या तासाचे असते आणि तुमच्याकडे ते सातच्या सुमारास येईल. प्रत्येक डिप दोन वाडग्यांत विभागावे. पहिला वाडगा पाचला बाहेर, दुसरा फ्रीजमध्ये. मध्यंतरात पहिला उचलायचा आणि दुसरा मांडायचा. पहिल्यात उरलेले दुसऱ्यात मिसळण्याचा मोह होतो, तो आवरावा. ते टाकून द्यावे. दुसऱ्या वाडग्याखाली मोठ्या परातीत बर्फ ठेवला तर शेवटपर्यंत निश्चिंती राहते. परात हे या कामासाठी फारच सोयीचे भांडे आहे.

ॲव्होकाडोचे गणित मात्र आजपासूनच करावे लागेल. ते झाडावर पिकत नाहीत, तोडल्यावर पिकतात. बुधवारी टणक, हिरवे हास जातीचे दहा-बारा आणा. ते कागदी पिशवीत एका केळ्याबरोबर ठेवले की केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे लवकर पिकतात. देठाजवळ अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबले की लगेच फ्रीजमध्ये हलवा, म्हणजे पिकणे मंदावते आणि रविवारपर्यंत थांबतात. सगळ्या गावाला त्याच आठवड्यात ॲव्होकाडो हवे असतात, म्हणून शनिवारी दुकानात पिकलेले मिळतील या भरवशावर राहू नये. मेक्सिकोतील मिचोआकान राज्यातून त्या सुमारास ट्रकच्या ट्रक येतात, तरीही.

ग्वाकामोले हा शब्द आस्तेकांच्या नावात्ल भाषेतला आहे, अर्थ ॲव्होकाडोची चटणी, आणि मूळ पद्धतही चटणीचीच आहे. मेक्सिकोत ते मोल्काहेते नावाच्या दगडी खलात कुटतात. तुमच्याकडे खलबत्ता असेल तर कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मीठ आधी त्यात ठेचून घ्या आणि मगच ॲव्होकाडो काट्याने मोडून मिसळा. चव प्रत्येक घासात सारखी लागते. मिक्सर वापरू नये, त्याने लापशी होते. टोमॅटो घालायचा तर बिया आणि रस काढून.

तपकिरी रंग हवेतील प्राणवायूमुळे येतो. लिंबामुळे तो लांबतो, पण थांबत नाही. खरा उपाय म्हणजे हवा लागूच न देणे: वाडग्यात ग्वाकामोले दाबून सपाट करावे आणि प्लास्टिकचा पातळ कागद वाडग्याच्या काठावर ताणण्याऐवजी थेट पृष्ठभागावर चिकटवावा. बी मध्ये खोचून ठेवल्याने रंग टिकतो असे सर्वत्र सांगितले जाते. बी जेवढी जागा झाकते तेवढीच हिरवी राहते, बाकी नाही.


केशर_वेलची

मुलांसाठी कोणी काही सांगितले नाही म्हणून लिहिते. चक्का टांगणारच आहात तर आणखी एक डबा टांगा, त्यात चवीपुरती पिठीसाखर आणि वेलची घालून फेटा, आणि त्याभोवती स्ट्रॉबेरी, सफरचंदाच्या फोडी आणि बिस्किटे मांडा. अमेरिकन मुलांना ते गोड डिप वाटेल, आपल्या मुलांना श्रीखंड. अर्ध्या भागात आंब्याचा डबाबंद रस घातला तर आम्रखंड होईल, मात्र रस पातळ असतो, म्हणून थोडाच. सफरचंदाच्या फोडींना लिंबू लावून ठेवावे.


जुना_टेक्सासकर

एक राहिले होते. कांद्याचे डिप हवे असल्यास दुकानातल्या कांद्याच्या सूपाच्या पाकिटाऐवजी दुसरी युक्ती करावी. सूपाची पूड सावर क्रीममध्ये मिसळण्याची ही पद्धत १९५४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली आणि येथे प्रत्येकाच्या लहानपणाची ती चव आहे, पण पूड फार खारट असते. त्याऐवजी देशी दुकानात बिर्याणीसाठी तळलेल्या कांद्याची पिशवी मिळते. त्यातला निम्मा कांदा हाताने चुरून क्रीममध्ये मिसळावा आणि दोन तास ठेवावा, उरलेला कुरकुरीत कांदा वाढताना वरून घालावा. तळणारा दुसराच असल्याने तुमचा नियम शाबूत राहतो.


मुक्काम_प्लेनो

सोमवार सकाळ. सर्वांनी एवढे लिहिले म्हणून वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

चवळीचा पहिला वाडगा मध्यंतरापूर्वीच रिकामा झाला आणि दुसऱ्यासाठी मध्यंतराची वाट पाहायला कोणी तयार नव्हते. मेतकुटाकडे पहिला अर्धा तास फक्त मराठी हात गेले. नंतर समोरच्या घरातल्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचून, यातली मोहरी नक्की कुठे आहे, असे विचारत एक चिप बुडवली, डोळ्यांत पाणी आणले आणि पुढे संध्याकाळभर वाडगा आपल्या खुर्चीजवळ ठेवला. मोहरी मी एक चमचा न घालता दोन घातली होती, हे येथे कबूल करतो. काकडीच्या डिपला शेवटपर्यंत पाणी सुटले नाही. पत्नीने पुरावा म्हणून त्याचे छायाचित्र काढले आहे.

हमस चांगले झाले होते, पण इतर वाडग्यांपुढे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुढच्या वेळी निम्मेच करेन. मुलाच्या आईने तीळ चालतात असे आधीच कळवले होते. ग्वाकामोलेच्या दुसऱ्या वाडग्यावर कागद नीट चिकटवला नव्हता, एका कोपऱ्यात हवा राहिली आणि तेवढाच भाग राखाडी पडला. वरचा पातळ थर खरवडून काढल्यावर खाली हिरवे निघाले. चक्क्याचे सर्वाधिक कौतुक मात्र श्रीखंडाच्या रूपाने झाले, आणि ते करणाऱ्यांत मुले कमी व मोठी माणसे जास्त होती.

एक प्रश्न उरला आहे. तीन डबे दही टांगल्यामुळे जवळजवळ दोन मोठे पेले निवळी जमली आहे आणि ती ओतून द्यायला जीव होत नाही. तिचे काय करावे?


चक्का_टांगलेला

कणीक भिजवण्यासाठी पाण्याऐवजी ती वापरावी, पोळ्या मऊ होतात. फ्रीजमध्ये झाकून चार-पाच दिवस टिकेल, त्याहून अधिक ठेवायची असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा.


मुक्काम_प्लेनो

गोठवूनच ठेवतो. ओटा पुढच्या आठवड्यात बसणार आहे.